असू शकतात

‘शेंगदाणे असू शकतात’ या वाक्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, बोलणारा मात्र नाही. खाऊच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला, घटकांच्या यादीखाली, बारकोडला खेटून ते छापलेलं असतं, आणि बहुतेकदा इंग्रजीत असतं. कायद्याने लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असलं की पुरतं. मराठी ज्याच्या त्याच्या हौसेवर. गेली सहा वर्षं मी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या दुकानांत उभी राहून हे वाक्य वाचते आहे. डोंबिवलीत राहते, ठाण्यात नोकरी करते, त्यामुळे दोन्हीकडची दुकानं पायाखालची आहेत. मात्र हे वाक्य म्हणजे सत्य सांगणं आहे की सत्यापासून अंग काढून घेणं, याचा निवाडा करायला मला बरीच वर्षं लागली.

माझ्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. सव्वा वर्षाची असताना दाण्याच्या लाडवाचा नखाएवढा तुकडा तिच्या तोंडात गेला. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. वेळेवर दवाखान्यात पोचलो. तेव्हापासून घरातून निघताना किल्ली, मोबाइल यांच्याबरोबर एक छोटी पिशवी असते. त्यात अ‍ॅड्रेनलिनच्या अ‍ॅम्प्यूल, सिरिंज, आणि डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेल्या डोसाचा कागद. परदेशात मिळतं तसं मांडीवर दाबलं की आपोआप टोचणारं पेन आपल्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. अ‍ॅम्प्यूल फोडून औषध ओढायला नवरा आणि मी दोघं शिकलो. संत्र्यावर सराव केला.

एका शेंगदाण्यात साधारण दोनशे मिलिग्रॅम प्रथिन असतं. फार संवेदनशील माणसांना त्यातलं एक-दोन मिलिग्रॅमही पुरतं. म्हणजे प्रश्न मूठभर दाण्यांचा नसून चमच्याला चिकटलेल्या कुटाचा, कढईतल्या तेलाचा, चाळणीच्या जाळीत अडकलेल्या कणाचा आहे.

आणि आपलं स्वयंपाकघर तर कुटावर चालतं. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, पोह्यांत दाणे, अळूच्या फदफद्यात दाणे, चिवड्यात तळलेले दाणे, उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि वर दाण्याची आमटी. एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात, त्यातली निम्मी तरी दुप्पट शेंगदाण्याची असते. लोकलमध्ये चिक्की आणि खारे दाणे. वडापावच्या कोरड्या चटणीतही अनेक जण दाणे घालतात. घरातलं मी बदलू शकले. सासूबाई आता खिचडीत ओलं खोबरं घालतात आणि ती बरी लागते असं म्हणतात (लागत नाही, पण त्या म्हणतात). घराबाहेरचं सगळं पाकिटावर अवलंबून. शाळेचा छोटा डबा, सहल, रेल्वेचा प्रवास, दुसऱ्याच्या घरचा वाढदिवस या सगळ्या ठिकाणी मुलीच्या हातात काहीतरी असावं लागतं, आणि ते कोणीतरी अनोळखी माणसाने बनवलेलं असतं.

सुटा माल बादच. साधे कुरमुरेसुद्धा. भट्टीवर ज्या तापलेल्या वाळूत कुरमुरे फुलतात, त्याच वाळूत फुटाणे आणि शेंगदाणे भाजले जातात. फरसाणच्या दुकानात वीस परातींना एकच पळी फिरते. काजूकतलीत काजूच असतील याची खात्री नसते. शेंगदाण्याला हिरवा रंग देऊन पिस्ता म्हणून विकणारे पकडल्याच्या बातम्या नागपुरातून आल्या होत्या. बाकीच्यांसाठी ती पैशाची फसवणूक. आमच्या घरी त्या बातमीचा अर्थ वेगळा होता.

तेव्हा उरतं ते छापील पाकीट. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांची यादी केली आहे. ग्लूटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळं, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट. हे घटक पदार्थात घातले असतील तर ‘यात अमुक आहे’ असं लिहिणं बंधनकारक. इथवर सगळं स्वच्छ आहे. घोटाळा पुढे होतो. घटक घातलेला नाही, पण त्याच कारखान्यात, त्याच पट्ट्यावर दुसरं काहीतरी बनतं आणि त्याचा अंश येऊ शकतो, अशा वेळी ‘असू शकतं’ असं लिहिण्याची मुभा नियम देतो. मुभा देतो, सक्ती करत नाही. आणि किती अंशापासून लिहायचं तेही सांगत नाही.

परिणामी दुकानाच्या फळीवर तीन प्रकारची पाकिटं असतात. पहिलं म्हणतं, आहेत. ते ठेवून द्यायचं, त्याच्याशी भांडण नाही. दुसरं म्हणतं, असू शकतात. तिसरं काहीच म्हणत नाही, आणि त्या न बोलण्याचे दोन अर्थ होतात: खरोखर काही नाही, किंवा कोणी विचारच केलेला नाही. पाकिटाकडे बघून यातला कुठला अर्थ खरा ते ओळखायचा उपाय नाही. आता गंमत बघा. ज्या उत्पादकाने निदान विचार केला आणि ओळ छापली, त्याचं पाकीट मी परत ठेवते. ज्याने विचारही केला नाही त्याचं पाकीट हातात राहण्याची शक्यता जास्त. सावध करणाऱ्याला दंड आणि गप्प राहणाऱ्याला गिऱ्हाईक, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून मी गप्प पाकिटंही उत्पादकाशी बोलल्याशिवाय घेत नाही, आणि म्हणून आमच्या यादीत आज जेमतेम सात वस्तू आहेत.

गेल्या पावसाळ्यात त्या आठ होत्या. मुलीच्या आवडत्या खाऱ्या बिस्किटांच्या पाकिटावर अचानक ती ओळ उगवली. घटक तेच, वजन तेच, किंमत दोन रुपयांनी जास्त. मी कंपनीला मेल केला आणि तीन प्रश्न विचारले. या पट्ट्यावर आता शेंगदाण्याचं काही बनायला लागलं आहे का? दोन पदार्थांच्या मध्ये यंत्र धुतल्यावर शेंगदाण्याच्या प्रथिनाची चाचणी होते का? आणि काहीच बदललं नसेल तर ही ओळ का आली? उत्तर नम्र होतं. आमची सर्व उत्पादनं अन्नसुरक्षेच्या निकषांनुसार बनतात. ग्राहकांनी लेबल वाचून योग्य तो निर्णय घ्यावा.

ग्राहकांनी निर्णय घ्यावा, हे ऐकायला किती सन्मानाचं वाटतं! पण निर्णयाला लागणारी माहिती ज्याच्याकडे आहे त्याने ती स्वतःकडेच ठेवली आणि निर्णय तेवढा माझ्याकडे पाठवला. कारखान्यात कुठल्या वारी काय बनतं हे त्यांना माहीत आहे. यंत्र कसं धुतात, माहीत आहे. प्रथिनाचा अंश शोधायच्या चाचण्या आहेत, त्यांना परवडतातही. म्हणजे ‘असू शकतात’ हे अज्ञान खरं नव्हे. तो ठेवणीतला संदिग्धपणा आहे. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, ‘नरो वा कुंजरो वा’. धर्मराज खोटं बोलला नव्हता. अश्वत्थामा नावाचा कोणी मेला होता हे खरंच. पण त्या वाक्याची रचनाच अशी होती की ऐकणाऱ्याने हत्यार खाली ठेवावं आणि बोलणाऱ्यावर बालंट येऊ नये. महाभारतकाराने यावर निबंध लिहिला नाही. जमिनीच्या चार अंगुळं वरून चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, एवढंच सांगितलं. पाकिटावरचं वाक्य मला त्याच जातीचं वाटतं. फरक इतकाच की धर्मराजाला ते बोलताना लाज वाटली होती.

जपानमध्ये ‘असू शकतं’ अशा शब्दांत लिहायला परवानगीच नाही. त्याच कारखान्यात शेंगदाण्याचे पदार्थ बनतात, अशी वस्तुस्थिती सांगता येते. शक्यतेची टांगती ओळ छापता येत नाही. हा नियम वाचला तेव्हा वाटलं, किती साधं आहे. ‘असू शकतात’ आणि ‘याच यंत्रावर चिक्की बनते’ या दोन वाक्यांत धोका कदाचित एकच असेल, पण दुसऱ्या वाक्यात कोणीतरी कारखान्यात जाऊन बघितलेलं आहे.

मात्र कायदा कडक केला की माणसं प्रामाणिक होतात, असंही नाही. अमेरिकेत तिळाला अ‍ॅलर्जीच्या यादीत घालणारा कायदा २०२१ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या आईबापांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले होते. झालं काय, तर तिळाचा अंश येऊ नये म्हणून यंत्रं काटेकोर धुण्यापेक्षा काही बेकऱ्यांनी आणि हॉटेलांच्या साखळ्यांनी आपल्या पावात मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घातलं आणि लेबलवर सरळ ‘यात तीळ आहेत’ असं छापलं. लेबल आता शंभर टक्के खरं होतं. काल जो पाव खाता येत होता तो आज खाता येईना. सत्य बोलण्यासाठी जगच बदलून टाकायचं, ही युक्ती धर्मराजालाही सुचली नव्हती!

ओनोरा ओनील या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००२ मध्ये बीबीसीवर विश्वास या विषयावर व्याख्यानमाला दिली होती. लोकांचा संस्थांवरचा विश्वास उडाला म्हणून आपण अधिक माहिती, अधिक अहवाल, अधिक पारदर्शकता मागतो. पण माहितीचा पूर आल्याने फसवणूक कमी होतेच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. विश्वास वाढवायचा कसा, हा त्यांच्या मते प्रश्नच चुकीचा. विश्वास योग्य जागी ठेवायचा कसा, हे विचारायला हवं. आणि योग्य जागा ओळखायच्या तीन खुणा त्या पुढे अनेकदा सांगत आल्या आहेत: काम येतं का, खरं बोलतात का, आणि दर वेळी तसंच वागतात का. वाचताना मला आमच्या स्टेशनजवळचे फरसाणवाले काका आठवले.

मुलगी तीन वर्षांची असताना मी त्यांच्या दुकानात शिरले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, साध्या शेवेत दाणे नसतात ना? असं विचारलं की दहातले नऊ दुकानदार हात झटकून सांगतात, “नाही हो ताई, बिनधास्त न्या.” काकांनी विचारलं, “कशासाठी?” मी सांगितलं. ते हातातली पळी ठेवून म्हणाले, “मग माझ्याकडून काही नेऊ नका. सकाळी ज्या तेलात दाणे तळतो त्याच तेलात दुपारी शेव पडते. बाजूच्याकडूनही नेऊ नका, त्याचा माल माझ्याच भट्टीतून जातो.” समोर उभं असलेलं गिऱ्हाईक त्यांनी घालवलं, शेजाऱ्याचंही घालवलं. त्या पट्ट्यात कोणी मला इतकं उपयोगाचं काही सांगितलेलं नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर लहान माणूस चांगला, मोठी कंपनी वाईट असं तात्पर्य निघालं असतं, आणि तसं ते नाही. पुढच्या दिवाळीच्या आधी काकांनी मला हाक मारून सांगितलं, “ताई, उद्या नवं तेल, घासलेली कढई, पहिला घाणा केळ्याच्या वेफर्सचा काढतो. दाण्याचं पोतंही फोडलेलं नसेल. पोरीसाठी पाव किलो बाजूला ठेवू?” मी नको म्हटलं. त्यांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास होता. त्यांच्या झाऱ्यावर नव्हता, वेफर्स पसरायच्या परातीवर नव्हता, पिशवी भरणाऱ्या पोराच्या हातांवर नव्हता. ओनीलबाईंच्या तीन खुणांपैकी खरेपणा त्यांच्याकडे काठोकाठ होता. पण दोन मिलिग्रॅम ओळखायची साधनं नव्हती. कंपनीकडे साधनं आहेत. म्हणजे ज्याला सांगायची इच्छा आहे त्याला कळत नाही, आणि ज्याला कळू शकतं त्याला सांगायचं नाही. या दोघांच्या मधल्या फटीत आमचा शाळेचा डबा भरला जातो. काकांना वाईट वाटलं असेल. मलाही वाटलं. ते वेफर्स फार चांगले दिसत होते.

नातेवाइकांचं वेगळं. तिथे खोटं कोणी बोलत नाही, पण ‘माहीत नाही’ हे उत्तरही कोणी देत नाही, कारण आपल्या आग्रहाच्या संस्कृतीत ते उत्तर म्हणजे यजमानाची नामुष्की. पाहुण्याने विचारलं यात काय आहे, तर सुगरणीला ठाऊक नाही असं कसं चालेल? म्हणून “छे गं, काही नाही त्यात” हे वाक्य येतं, आणि त्याच्या मागून “एवढ्याशाने काय होतंय”, “प्रसाद आहे, प्रसाद बाधत नाही”, “आमच्या वेळी कुठे होत्या अ‍ॅलर्ज्या”. शेवटच्या वाक्यावर मी पूर्वी चिडत असे. आता नाही. लहानपणीच दाणे खाऊ घातले तर अ‍ॅलर्जी टळते की वाढते, याबद्दल मोठमोठ्या तज्ज्ञांचंही मत पार उलटलेलं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका असं सांगितलं, २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. आणि २०१५ मध्ये लंडनच्या ६४० बाळांवरच्या अभ्यासात दिसलं की लवकर द्यायला लागलं तर अ‍ॅलर्जीचं प्रमाण सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी होतं. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि ज्याला अ‍ॅलर्जी आधीच झालेली आहे त्याच्यासाठी नव्हे. तरी मला खटकतं ते मधल्या काळातलं ठाम बोलणं. २००० साली ‘आम्हाला अजून नक्की माहीत नाही’ असं म्हणता आलं असतं.

आता दुसरी बाजू. मी जगाकडून किती मागू शकते? शाळेत पालकांच्या ग्रुपवर एका आईने परस्परच सुचवलं की वर्गात शेंगदाण्याला बंदी करू. तिचा हेतू चांगला होता. लगेच दुसरीचा मेसेज आला, मग गुरुवारी आमच्या मुलांनी खायचं काय? तिसरीने लिहिलं की तिचा मुलगा दूध पीत नाही, अंडी घरात चालत नाहीत, चिक्कीच काय ती पोटात जाते. मला तिचं पटलं. शेंगदाणा ही आपल्याकडे चैन नाही. स्वस्तात मिळणारं प्रथिन आहे, आणि चाळीस डब्यांतून ते काढून टाका असं म्हणताना कोणाच्या डब्यात त्याऐवजी बदाम येतील आणि कोणाच्या डब्यात नुसती चपाती-साखर, याचा विचार करावा लागतो. शिवाय बंदीने खात्री येत नाही, खात्रीचा भास येतो. बंदी आहे म्हणून कोणी विचारायचं थांबतं, आणि कुटाची भाजी तर डब्यात येतेच, कारण भाजीत कूट आहे हे आपल्याला दिसतच नाही. मी बंदी नको म्हणून कळवलं. मागितलं इतकंच: डबा खाऊन झाल्यावर साबणाने हात धुवायचे, तिच्याशी डब्याची देवाणघेवाण नाही, आणि पिशवी कुठे आहे ते बाईंना आणि शिपाईमावशींना माहीत असावं. काही जणींना मी पुरेशी काळजी घेत नाही असं वाटलं. वाटो.

मला बोचतं ते वेगळंच. बाकीची मुलं ‘घे’ म्हटलं की घ्यायला शिकतात. मी माझ्या मुलीला सगळ्यात आधी ‘नको’ शिकवलं. तीन वर्षांची असल्यापासून ती कोणी खाऊ पुढे केला की हात मागे घेते. आता सात वर्षांची आहे, अक्षरं जुळवून लेबल वाचते, ‘पीनट’, ‘ग्राउंडनट’, ‘मूंगफली’ हे तिन्ही शब्द ओळखते. आजीने बेसनाचा लाडू दिला तरी विचारते, “तुला नक्की माहितेय का?” आजी चक्कीतून आणलेल्या डाळीपासून सगळं सांगते. एखाद्या मुलाच्या मनात लोकांबद्दल संशय पेरणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि मी ती जाणूनबुजून करते आहे. फक्त इतकं दिसतं की तिचा संशय सगळ्यांवर सारखा नाही. फटकन ‘काही नाही त्यात’ म्हणणाऱ्यांकडून ती घेत नाही. आधी थोडं थांबून आठवणाऱ्यांकडे ती नीट बघते. हे तिला मी शिकवलेलं नाही.

यंदा संक्रांतीला बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खास तिच्यासाठी बिनदाण्याच्या तिळाच्या वड्या केल्या होत्या, वेगळ्या कढईत, वेगळ्या डब्यात, डब्यावर तिचं नाव. तिने वडी हातात घेतली आणि विचारलं, “तुम्हाला नक्की माहितेय?” काकू म्हणाल्या, “अगं, मी स्वतः केल्यात, गूळसुद्धा...” आणि मधेच थांबल्या. दोन-तीन बायका वाण घेऊन मागे उभ्या होत्या. “तीळ सुटे आणले होते गं. दुकानात ते कशाशेजारी ठेवलेले असतात, मला नाही माहीत. नको खाऊस.” तिने वडी परत दिली. काकूंनी डबा बंद केला, तिच्या हातावर हलव्याऐवजी एक बोर ठेवलं, आणि मागच्या बाईंना कुंकू लावायला वळल्या.